आधी स्वयंपाकघर निघतं

अझैबा, मस्कत. मार्च २०१५, गुरुवार संध्याकाळ

सीमेपलीकडे युद्ध पेटणार, म्हणून इथली पलटण उद्या सीमेवर पहाऱ्याला निघतेय. पण पलटणीच्या आधी तिचं स्वयंपाकघर निघतं, हे आज कळलं. म्हणजे तिथला आचारी, आपला रत्नागिरीचा हमीद, आजच गेला.

किती समजावलं! “नोकरी सोड. युद्धाला कशाला जेवू घालतोस?”

तो पातेली बांधतच म्हणाला, “भाऊ, युद्ध तुम्ही थांबवा. पोरं तिथे भुकेली उतरतील, त्यांना काय तुमचं भाषण वाढू?”

हसू आलं, रागही आला.  

हमीदला थांबवता आलं नाही. उद्या इथल्या मराठी मंडळाच्या सभेत युद्धाविरुद्ध बोलणारच, मंडळ कितीही नको म्हणो. फक्त सैनिकांना झोडपणारी वाक्यं आत्ताच खोडली. हमीदच्या हातचं जेवणारी पोरं आहेत ती.