मेई आमच्या घरात होती

१९ नोव्हेंबर १९६२
स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काम थोडं, रेडिओभोवती गर्दी. सीमेवरच्या बातम्या वाईट. संध्याकाळी चेन डॉक्टर आले. दतिया गेटला आमच्या शेजारीच त्यांचा दातांचा दवाखाना, वीस वर्षं झाली. चिनी लोकांना उचलताहेत म्हणाले. "बाबूजी, हम दोनों तो जाएँगे ही. मेई को रख लीजिए."
मेई त्यांची लेक, सोळाची. जन्म झाशीतला, वाढली सौ.च्या हाताखाली. आमचा विनू मराठीला हिंदीत उत्तर देतो, ही म्हणते, "काकू, वरण उतू जातंय." सौ.नं मला विचारलंही नाही. फडताळातून आपलं लुगडं काढून तिला दिलं.

२२ नोव्हें.
लढाई थांबली म्हणे. आता कोणी येणार नाही बहुतेक.

२४ नोव्हें.
आले. दु. बारा. चेन पतिपत्नींना घेतलं, मग इन्स्पेक्टर आमच्या दारात. अगदी अदबीनं.
"डॉक्टर कहते हैं लड़की कलकत्ते गई है. आप तो सरकारी आदमी हैं भाईसाहब, आप बताइए."
माजघरात सौ. तिला निऱ्या काढायला शिकवत होती. दोघी हसत होत्या.
"अंदर है," म्हणालो.
कुणी धमकावलं नव्हतं. नोकरी, विनू… नाही, हे सगळं मागाहून सुचलं. त्या क्षणी काहीच…

२५ नोव्हें.
फलाटावर गेलो. शिपायांच्या पहाऱ्यात तिघं डब्यात. मेईनं खिडकीतून सांगितलं, "काका, काकूंना म्हणावं, मुरंब्याची बरणी उन्हातच राहिली." तिला माहीत नाही. डॉक्टरांना असावं. त्यांनी हात जोडले. मी पावतीबुकात बघत राहिलो.

३ डिसें.
सौ.च्या मनानं घेतलंय, समोरच्या तिवारीणबाईंनी चुगली केली. "तिनंच पाहिलं होतं मेईला गच्चीवर. तिचं तोंड बघणार नाही." मी जेवत होतो. जेवलो.

१४ जुलै ६३
मेईचं कार्ड, राजस्थानातल्या छावणीतून. मराठीत. मद्रासला नेणार, तिथून बोटीनं चीनला. 'तो देश मी पाहिलेला नाही. तिथं मराठी कुणाशी बोलू?' तिथला पत्ता नाही. सौ. कार्ड उशाशी ठेवते. मला त्या खोलीत झोप लागत नाही.

८ मार्च ७१
तिवारीणबाई गेल्या. शेवटी शेवटी मला विचारत, "भैया, बहूजी हमसे काहे रूठी हैं?" सौ. दारातसुद्धा आली नाही. मी खांदा दिला. घाटापर्यंत बदलला नाही.

१८ एप्रिल ७६
पेपरात आहे, दोन्ही देश पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवणार. विनू म्हणतो, वकिलातीमार्फत शोध घेता येईल, पत्र लिहा. मेई आता तिशीची. सौ. दिवसभर मजकूर सांगतेय: आंब्याला लागलेल्या कैऱ्या, विनूची मुलगी, आपले गुडघे.

२० एप्रिल
पहिलं पान सौ.नं सांगितलेलं. दुसरं माझं मी लिहिलं, सकाळी, एका बैठकीत. चौदा वर्षं लागली त्याला. पाकिटात घालताना सौ.नं पाहिलं.
"दुसरं पान कसलं? मी तर एकच सांगितलं होतं."
"माझं थोडं आहे."
"मग चिकटवू नका. आधी वाचून दाखवा."
चष्मा आणतो म्हणून वर आलोय. ती खालून हाक मारते आहे.