हात कशासाठी वर झाले

॥ श्री ॥
केनवड,
३० जानेवारी २०२६

ती. गोजरा आत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची कळवली. आधी ती दुरुस्त करते, मग इकडची खुशाली.

मी लिहिलं होतं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत माझं सादरीकरण झालं, शेवटी मी विचारलं की माझं म्हणणं कोणाकोणाला पटलं, आणि सगळ्यांनी हात वर केले. हात वर झाले हे खरं आहे. पटलं म्हणून झाले हे खरं नाही.

गेल्या साली आपल्या कांद्याचं बी पोचट निघालं ते तुला माहीत आहे. फुलांचे गोंडे हे एवढे, पण मळल्यावर हातात फोलच. घेणाऱ्यांनी चाळून सगळं परत केलं. यंदा बाबा बियाण्याचा कांदा लावायलाच तयार नव्हते, मी हट्ट धरला. कारण कॉलेजात शिकलेलं मला आठवत होतं: कांद्याचं फूल मधमाशीशिवाय भरत नाही, आणि आपल्या आजूबाजूला सगळे सकाळीच फवारतात, नेमक्या माश्या फुलावर असतात तेव्हा. एकट्या बाबांनी वेळ बदलून उपयोग नाही, कारण माशी शेताचा धुरा, बांध बघून उडत नाही. शेजाऱ्यांनीही ऊन उतरल्यावर फवारलं तरच बी भरेल. बाबा म्हणाले, यंदा शेवटचं. भरलं तर ठीक, नाहीतर बियाण्याचा कांदा कायमचा बंद.

म्हणून ते सादरीकरण. शाळेचा प्रोजेक्टर आणला, चित्रं केली, आरशासमोर बोलून बोलून घसा बसवून घेतला.

काल बबनराव रस्त्यात भेटले. आपल्या धुऱ्याला लागून ज्यांची वांगी आहेत, तेच. पेट्या कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसल्या पेट्या? ते हसले आणि म्हणाले की मोठ्या साहेबासारखं आतापासूनच विसरू नको माय, पडद्यावर दाखवल्या त्याच, मधमाश्यांच्या. संध्याकाळी फवारायची अट आपण पाळून राहिलो आहोत असंही त्यांनी सांगितलं, आणि खिशातून सातबाऱ्याची झेरॉक्स काढून माझ्या हातात ठेवली.

आत्या, लोकांना वाटलं, योजना आली. हात वर झाले ते नाव नोंदवायला.

मी झेरॉक्स घेतली. का घेतली ते कळत नाही. आता भीती तर वाटतेच, पण त्याहून नवल जास्त वाटतं. मी ‘योजना’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. मग त्यांनी तो ऐकला कुठून?

आईचे गुडघे थंडीने धरलेत. तुझ्या कुरड्या संपल्या, हे तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

रागावलीस तर रागाव, पण जीव लावतेस तसा लाव.

तुझी
तनुजा


जऊळका,
२ फेब्रुवारी

चि. तनुजाले,
गोजरा आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. अक्षर बारीक काढत जाऊ नको. तूच मले वाचाले शिकवलं न आता तूच माह्ये डोये फोडतं काय? फोनवर मले आयकू येत नाई म्हून कागद हाय, तं कागदावर तरी मोठ्यानं बोल.

तू इचारतं का लोकायनं योजना कुठून आयकली. मी तं बह्यरी, पन गावातली एक सभा सोडत नाई. मांगच्या वर्षी इथं एक पोट्टा आला, पडदा लावला न दात कसे घासाचे ते दाखवलं. अर्ध्या बाया आधारकार्ड घेऊन बसल्या होत्या. मीई नेलं होतं. पडदा लागला का मानूस आधी कार्ड चाचपते, यात नवल कायचं?

आता माह्यं आयक. कोनाले काई सांगाचं नाई. तू खोटं बोलली नाई. लोकं आपल्या मनानं समजले न सांजीच फवारून राह्यले. तुले तेच पायजे होतं ना? मंग फुकट कायले खाजवतं? बी घरात येऊ दे. मंग सांगजो का पेट्या काई आल्या नाईत. कोनालेच नवल वाटनार नाई, उलट खुश होतीन का आपल्याले आधीच म्हाईत होतं.

मांगच्या साली तुह्या बापानं ते फोलकट पायलं न ताटावरून उठला. माहा भाऊ हाय तो, लहानपनापासून त्याले ओयखतो मी. तो रडत नाई, नुसता जेवन सोडते. तुह्या खरेपनापाई त्याले पुन्हा उठवू नको.

कुरड्या पाठोतो. माया हाय ते हायेच, पन जरा डोकं लावजो.

तुही आत्या
गोजरा


॥ श्री ॥
केनवड,
५ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. अक्षर मोठं काढते आहे, पाहा.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले, मग घाबरले. घाबरले कारण तुझं म्हणणं मला पटायला लागलं होतं. बाबाही तेच म्हणतात. गोंडे आता उमलायला लागलेत, आणि या दिवसांत बबनरावांच्या वांग्यांवर सकाळचा एखादा फवारा पडला तरी आपलं बी गेलं, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही.

पण ‘योजना’ कुठून आली हे काही डोक्यातून जाईना. म्हणून सभेला आलेल्यांच्या घरी जाऊन मी विचारत सुटले की तुम्हाला काय आठवतं. आवडलं का, असं विचारलं नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. आई म्हणते की परीक्षा संपल्यावर पोरं पेपर विसरतात, ही लोकांना पेपर घालत फिरते.

मंजूवहिनी म्हणाल्या, तुझी वेणी किती छान घातली होती त्या दिवशी. वेणी दिसली म्हणजे मी बराच वेळ त्यांच्याकडे पाठ करून पडद्यावरचं वाचत होते.

हिरीबाईला फक्त मधमाशी आठवत होती. पडद्यावर ती कोंबडीएवढी दिसली ना! हिरीबाईचा समज असा की ही नवी जात आहे आणि ती पेटीतून येणार. त्या पेटीतल्या माश्यांना तहान लागेल म्हणून तिने गोठ्याजवळचं दगडी कुंड घासून पाणी भरून ठेवलंय. त्यावर आपल्या इथल्या साध्या माश्या येऊन बसतात, तर त्यांना ती फडक्याने हाकलते आणि म्हणते की हे तुमच्यासाठी नाही. मला हसावं की डोकं धरावं कळेना. हाकलू नका, एवढं मात्र सांगून आले.

शेवटी घरी येऊन सगळी चित्रं मी परकी होऊन पाहिली. पहिल्यावर कॉलेजची गोल मुद्रा. मध्ये एकावर ‘पाळायचे नियम’ असा मथळा आणि खाली आकडे घातलेले. मुद्रा आणि नियम एकत्र दिसल्यावर माणूस आणखी काय समजणार? आणि शेवटचं चित्र पेटीचं. ते मला सुंदर वाटलं म्हणून मी तसंच पडद्यावर राहू दिलं आणि हात वर करायला सांगितलं. म्हणजे मी तोंडाने विचारत होते, पटलं का, आणि माझ्या पाठीमागून पडदा विचारत होता, पेटी पाहिजे का. लोकांनी पडद्याला उत्तर दिलं.

हे सापडलं तेव्हा मला आनंदच झाला, एखादं गणित सुटावं तसा. तो टिकला नाही. काल दिवस मावळताना शेतातून परतत होते तर बबनराव पाठीवर पंप घेऊन वांग्यांत. मजूर सकाळीच येतात, संध्याकाळी कोणी थांबत नाही, म्हणून या वयात स्वतः फवारतात. धुऱ्यावर त्यांनी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा छोटा मांडव घातलाय. पेट्यांना ऊन लागू नये म्हणून, असं मोठ्या कौतुकाने दाखवलं. खोकत होते.

मी खोटं बोलले नाही हे तुझं म्हणणं खरं. पण ज्या पेटीसाठी ते वाकलेत ती कुठेच नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांना नाही. हे आणखी किती दिवस चालवायचं?

प्रेम आहे तसंच ठेव, आणि मला शिव्या द्यायच्या असतील तर मोठ्या अक्षरात दे.

तुझी
तनुजा


जऊळका,
८ फेब्रुवारी

चि. तनुजाले,
आशीर्वाद. हिरीबाईचं वाचून मी एवढी हासली का शेजारीन पाहाले आली.

पन माह्यं म्हननं तेच हाय. बबन्या सांजी फवारते तं फवारू दे. त्याच्या वांग्याच्या फुलायलेई माश्या पायजेतच ना? तू खरं सांगशीन, तो भडकन, न दुसऱ्या दिवशी सकायीच पंप घेऊन निंघन. मंग तू काय करशीन? धुऱ्यावर उभी राहून माश्यायले सांगशीन का बाई उद्या या?

बरं, सांगाचंच असन तं एकेकाच्या घरी जाऊन हयूच सांग. चारचौघात सोताचं हसू काहून करून घेतं? पयलीच शिकलेली पोरगी तू आपल्या घरातली. लोकं म्हनतीन, शिकून हेच केलं.

न एक इचारतो, त्याचा जवाब दे. पयल्या वेळी तू बोलली ते कोनं आयकलं नाई. आता आयकतीन, याचा भरवसा काय?

कुरड्या निंघाल्या का भेटल्या ते लिव. आईच्या गुडघ्याले एरंडाचं तेल लाव. तुह्यी काळजी वाटते, म्हून बोलतो.

तुही
गोजरा आत्या


॥ श्री ॥
केनवड,
११ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. कुरड्या मिळाल्या. आईने डबा लपवून ठेवला आहे.

तू विचारलंस, आता ऐकतील याचा भरवसा काय. भरवसा नाही. पण या वेळी मी कसं बोलणार ते ठरवलंय, आणि तुझ्या प्रश्नामुळेच नीट ठरवता आलं.

पडदा नाही. ग्रामपंचायतही नाही. बबनरावांच्या आणि आपल्या धुऱ्यावर सगळ्यांना बोलवायचं, एका बाजूला वांगी, दुसऱ्या बाजूला कांद्याचा फुलोरा. सकाळी, माश्या गोंड्यांवर असतील तेव्हा, म्हणजे माशी जेवढी आहे तेवढीच दिसेल. तोंड लोकांकडे.

पेट्या येणार नाहीत, हे मी आधी शेवटी ठेवलं होतं. सुरुवातीला जरा गोड बोलायचं, माश्यांचं महत्त्व सांगायचं, मग हळूच ते. तसं सगळं आईला म्हणून दाखवलं. तिने मन लावून ऐकलं, छान म्हणाली, आणि विचारलं की मग पेट्या कधी येणार. म्हणून आता ते पहिलं वाक्य आहे: पेट्या येणार नाहीत, योजना कुठलीच नाही, तुमचा गैरसमज माझ्यामुळे झाला. एवढं बोलून थांबायचं. मग बबनरावांना त्यांची झेरॉक्स परत द्यायची आणि विनंती करायची की मी काय म्हणाले ते तुमच्या शब्दांत सगळ्यांना सांगा. त्यांनी दुसरंच काही सांगितलं तर मी पुन्हा सांगेन. शिव्या दिल्या तर निदान ऐकलं तरी, हे कळेल.

त्यानंतर गेल्या सालचं बी पाण्याच्या वाटीत टाकून दाखवायचं. तरंगतं ते फोल. आणि मग मागणं, नियम म्हणून नाही, मागणं म्हणून: फुलोरा असेपर्यंत संध्याकाळी फवारा. ज्याला संध्याकाळी मजूर मिळत नाही त्याच्याकडे मी पंप घेऊन येईन, पहिल्यांदा बबनरावांकडेच. हात वर करायला सांगणार नाही. ज्याला जमेल त्याने आपल्या फवारणीची वेळ आपल्या तोंडाने सांगायची. नाही जमणार म्हणाला तर तेही.

घरोघरी जाऊन हळू सांगायचं तू म्हणालीस. तो विचार मी केला होता. पण घरोघरी सांगितलं की प्रत्येक जण पुन्हा आपापलं वेगळं ऐकेल, आणि बबनरावांना वाटेल की नाव फक्त त्यांचंच कापलं. सगळ्यांनी एकच वाक्य एकाच वेळी ऐकायला हवं.

बाबांना काल सांगितलं. त्यांनी विचारलं, बबनराव चिडला तर. मी म्हटलं, तर बी पोचट निघेल. ते म्हणाले, मग मी कांदा सोडणार, हे लक्षात आहे ना? मी हो म्हटलं. ते उठून बाहेर जाऊन बसले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले की सकाळचं ऊन लोकांच्या डोळ्यांत जातं, त्यांना उगवतीकडे पाठ करून उभं करशील. आणि जेवायला बसले.

लोक हसतील, हे तुझं खरं आहे. मला झोपेतसुद्धा ते हसताना दिसतात. पण वेणी पाहून परत जाण्यापेक्षा माझं तोंड पाहून हसलेले बरे.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर बोलून झालेलं असेल. तू कोणाकडून तरी फोन करवून थांबवशील म्हणून उशिरा टाकलं, असं तुला वाटेल. ते थोडं खरं आहे. तरी जीव लावणं सोडू नकोस.

तुझी
तनुजा

ता. क. धुऱ्यावर बोलायचा दिवस लिहायचा राहिला. शुक्रवार, १३ फेब्रुवारी.