न बदललेलं प्रथिन

बंगळूर, ४ जून २०२४

चि. सम्यक,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर दोन वाक्यांत तुला खोकला येतो, म्हणून पत्र. आई चाळभर वाचून दाखवणार, तेव्हा अक्षर नीट काढते आहे.

टीबीचा जंतू ज्या यंत्रांवर आपली प्रथिनं बनवतो, ती यंत्रं म्हणजे रायबोसोम. त्यांचे सुटे भाग जुळवायला काही मदतनीस प्रथिनं लागतात. चाळीसमोरच्या टॉवरला परांची लागते ना, तशी. काम झालं की ती बाजूला होतात. मी अभ्यासते ते प्रथिन कोट्यवधी वर्षांत फारसं बदललेलंच नाही, झाडून सगळ्या जंतूंत सापडतं. गेल्या आठवड्यात आम्ही टीबीच्या जंतूत ते बंद पाडलं. यंत्रं अर्धवट राहिली, जंतू वाढायचा थांबला. मी प्रयोगशाळेतच नाचले. त्या जंतूचे दिवस भरले, असं समज.

आईला छळू नकोस. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी ताई,
संघमित्रा

नायगाव, २० सप्टेंबर २०२४

ति. ताईस,
सविनय जयभीम.

रागावू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हापासून मी गोळ्या घेतलेल्या नाहीत. तोंडात धरतो, आई पाठमोरी झाली की मोरीत थुंकतो. त्यांनी पायांची अशी आग होते की जिना उतरवत नाही. म्हटलं, ताईचं औषध येतंच आहे, तोवर जरा सुटका. आता चार दिवस थुंकीतून रक्त पडतंय. आईला बोललो नाही.

तुझं औषध कधी येईल? सख्ख्या भावासाठी थोडा वशिला लाव की.
तुझा,
सम्यक

बंगळूर, २५ सप्टेंबर २०२४

चि. सम्यक,
जयभीम.

तुझं पत्र वाचताच आईला फोन केला. हे मिळेल तेव्हा तू हॉस्पिटलात असशील. औषध नाही रे. काचेच्या ताटलीत एक जंतू थांबलाय, एवढंच. त्यावरून गोळी व्हायला, झालीच तर, पंधरा वर्षं लागतील. हे मला जूनमध्येही माहीत होतं. ते वाक्य मी लिहिलंही होतं. आई चारचौघांत वाचेल, तिचा चेहरा पडेल, म्हणून खोडलं. मला माफ कर. गोळ्या घे.
संघमित्रा

नायगाव, ११ नोव्हेंबर २०२४

चि. संघमित्रास,
अनेक आशीर्वाद.

गोळ्या पुन्हा चालू केल्या, पण डॉक्टर म्हणतात, जंतू आता त्यांनाही भीक घालत नाही. दुसरं देण्यासारखं फार काही उरलेलं नाही. तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. घरोघरी पत्र वाचत मीच हिंडले होते. जेवत जा.

सम्यक तुझ्यावर रागावलेला नाही. काल विचारत होता, ती पंधरा वर्षं कधीपासून मोजायची, ताईने काम सुरू केलं तेव्हापासून की आत्तापासून? तू कळव.
तुझी आई,
बकुळा