गिरणी बंद पडली तेव्हा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१९ मे

चि. मेघास मावशीचा सप्रेम जयभीम.

मी इथं मजेत. ऊन लई आहे, लाइट घडीघडी जाते. पुण्यात जेवतेस ना नीट, का नुसती मॅगी?

आपल्या पिठाच्या गिरणीच्या आवाजानं कान जातील म्हणून तू हेडफोन दिलेस, अन् तुझ्या जुन्या मोबाइलमधी तो इमो रॉक का काय म्हणतात त्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम ठेवलास. पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं, अगं बाई, ह्या गाणाऱ्या पोराला कुणी मारलं का काय! एवढा गळा फाडून कुणी गातं व्हय? इंग्रजी मला काय कळणार. पण तिसऱ्या गाण्यात त्याचा आवाज चिरकतो, तरी तो थांबत नाही, तसाच पुढं जातो. मग मी तेच गाणं रोज लावायला लागले.

तुझ्या काकांचा आवाज कधी चिरकला नाही. भीमगीतांच्या पार्टीत ते पुढं, मी मागं कोरसला. ते गेले तेव्हा सगळे म्हणाले, रत्नमाला लई धीराची, डोळ्यात टिपूस नाही. मलाही तसंच वाटायचं. आपला ढोलकीवाला गोकुळ मागंच लागला होता, "वहिनी, पहिल्या स्मृतिदिनाला दादांचं गाणं तुम्हीच म्हणा." मी त्याला चहा पाजायचे अन् वाटंला लावायचे.

मंगळवारी शेजारच्या मुनिराभाभीची ज्वारी दळत होते. कानात तो पोरगा, बाहेर गिरणीची घरघर. कोण ऐकतंय म्हणून डोळे मिटून मीही त्याच्याबरोबर ओरडायला लागले. त्याचे शब्द येईनात, म्हणून काकांचंच नाव घेतलं. राजकुमार! राजकुमार! लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात कधी घेतलं नव्हतं गं.

अन् लाइट गेलेली. गिरणी कधीच बंद पडली होती, मला पत्ताच नाही. डोळे उघडले तर अख्खी गल्ली दारात.

मुनिराभाभीनं माझ्या कानावरचे हेडफोन काढले. म्हणाली, "चक्की बंद हो गई, रत्ना. अब रो ले."

मग मी रडले. पोत्यावर बसून, तिच्या ओढणीत तोंड खुपसून. लाइट आली तरी रडतच होते. उरलेली ज्वारी तिची तिनंच दळून घेतली.

पोरी, तुझे लई उपकार झाले. त्या पोराला मराठी येत असती तर त्यालाही कळवलं असतं.

गोकुळला हो म्हटलंय. रविवारी स्मृतिदिनाला काकांचं गाणं मी म्हणणार. आवाज चिरकणार, मला ठाऊक आहे. पण थांबायची नाही. तू ये, अन् पुढं बस.

तुझी मावशी,
राजकुमारची रत्नमाला