दिनकर भावजींचं कपाट

लष्कर, मंगळवार, १२ मार्च १९५७

शिसारी आली आज. दिनकर भावजींचं नवलाईचं कपाट: पेंढा भरलेलं तरस, हस्तिदंती हुक्का, स्पिरिटमधलं दोन तोंडांचं वासरू. प्रत्येक वस्तूखालच्या नावाच्या चिठ्ठ्या माझ्या, कॉन्व्हेंटच्या अक्षरात. इथवर ठीक होतं.

पण भोपाळचे पाहुणे आले, तेव्हा भावजींनी जुन्या संस्थानी दरबारच्या म्हाताऱ्या चोपदाराला, राघोजींना, चांदीची काठी देऊन त्या वासराशेजारी उभं केलं. ललकारी द्यायला लावली.

एक पाहुणा म्हणाला, "अरे, ये तो अभी भी चलता है!"

सगळे हसले. राघोजी हसले नाहीत. वासराशेजारी माणूस?

भावजी म्हणाले, "वहिनी, यांचीही एक चिठ्ठी लिहा ना."

लिहिली, आणि भावजींच्या खुर्चीला चिकटवून आले: "दिनकरराव, सरदारपुत्र. पेंढा भरलेले."