सत्ती, दुर्री आणि चष्म्याचे दुकान

मी, खाली सही करणारी, चष्म्याच्या दुकानाची मालकीण, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने लिहीत नाही. लाडीगोडी बऱ्याच जणांनी करून पाहिली. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर डॉक्टरांनी तारीख चुकीची घातली होती, ती मी दुरुस्त करून घेतली. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मला माझ्या मुलाकडून आशा होती.

कलम १. कोणाला काय आणि का दिले, हे कळण्यासाठी आमचा रविवारचा खेळ कळला पाहिजे. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायचे यंत्र आणि फ्रेमची खोकी यांच्यामध्ये एक गोल टेबल आहे. त्यावर दर रविवारी दुपारी आम्ही घरचे लोक पोकर खेळत आलो. दोन पत्ते हातात, पाच मध्ये उघडे, ज्याचा हात भारी त्याच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या. सैल खेळणारा माणूस येईल त्या पत्त्यांवर उतरतो. आवळून खेळणारा नऊ डाव सोडतो आणि दहाव्याला उतरतो. माझे यजमान सैल आणि त्यांचे धाकटे भाऊही सैल. यजमान निदान हसत हरायचे. भाऊजी हरले की आधी पत्त्यांना, मग खुर्चीला आणि शेवटी खिडकीतून येणाऱ्या उजेडाला नावे ठेवायचे. मी आवळून खेळायचे. भाऊजी नव्या माणसाला बजावायचे, "वहिनी उतरल्या म्हणजे पत्ते आहेत. उगाच मरू नका." एवढे एकच शहाणपण त्यांनी कमावले, आणि तेच त्यांना भोवले. ते कसे, हे कलम ३ मध्ये येईल.

कलम २. दुकानावरच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक मुलाला द्यावी. ठेवीची रक्कम मात्र एकदम न देता दरमहा द्यावी, कारण अचानक काही चांगले झाले की तो घाबरतो. आपणही आईसारखे आवळून खेळतो असा त्याचा समज आहे. हातात एक्क्यांची जोडी आली तरी तो दुसऱ्याने बोली लावायची वाट बघतो. चांगली नोकरी तीनदा चालून आली, तीनदा म्हणाला, "बघू पुढे." लग्नसुद्धा सुनेने विचारले म्हणून झाले. आवळून खेळणे म्हणजे दबा धरून झडप घालणे. माझा मुलगा दबा धरायला शिकला आणि तिथेच बसून राहिला. खोल्यांना खिडक्या चांगल्या आहेत. बसायला बरे पडेल.

कलम ३. सोळा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले आणि दुकानातला त्यांचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर झाला. उरलेला अर्धा भाऊजींचा. त्यांना दुकान शेजारच्या चपलांच्या व्यापाऱ्याला विकायचे होते. मला चालवायचे होते. चार महिने आम्ही एकमेकांशी फक्त गिऱ्हाइकांमार्फत बोललो. शेवटी तेच म्हणाले, "वहिनी, खेळून टाकू. हरेल त्याने रास्त किंमत घेऊन हिस्सा सोडायचा." दुकानासारखी गोष्ट खेळून टाकणारा माणूस दुकान चालवायच्या लायकीचा नसतो. मी हो म्हणाले.

दोन तास आमच्या चिप्स सारख्याच राहिल्या. मग मला इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री आली. याहून रद्दी हात नाही. मध्ये दोन राजे उघडले. माझ्या मनात आले, हा माणूस इतकी वर्षे मला ओळखतो, त्या ओळखीचा आज उपयोग करू. मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या आणि विचारले, "भाऊजी, पाणी हवं का?"

त्यांनी आपले पत्ते पुन्हा एकदा उचलून पाहिले. मग पत्ते उलटे ठेवून म्हणाले, "तिसरा राजा तुमच्याकडे आहे. घ्या दुकान." एरवी सहसा डाव न सोडणाऱ्या माणसाने हा मात्र सोडला. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे कागद झाले. मिळालेली किंमत त्यांनी दोन वर्षांत सैल हाताने संपवली आणि तेव्हापासून ते दुसऱ्याच्या दुकानात फ्रेम पुसतात. वर भेटेल त्याला सांगतात, "माणसाला वेळेवर सोडता आलं पाहिजे. मी दुकान सोडलं, पण डोकं नाही सोडलं."

कलम ४. म्हणून भाऊजींना मी खरे काय ते देत आहे. माझ्या हातात सत्ती आणि दुर्री होती. त्यासोबत पत्त्यांचे सगळे जोड आणि चिप्सची लाकडी पेटीही द्यावी.

हा मजकूर मी गेल्या रविवारी सगळ्यांना मागच्या खोलीत बसवून वाचून दाखवला. भाऊजींचे तोंड उतरेल अशी माझी अपेक्षा होती. ते चष्मा पुसत म्हणाले, "मला माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"तुमच्याकडे काही नव्हतं ते. तिसरा राजा माझ्याच हातात होता."

"मग टाकलात कशाला?"

"दादा जाऊन चारच महिने झाले होते. दुकानही गेलं असतं, तर तुम्ही दिवसभर काय केलं असतं? आणि मला पाणी तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदाच विचारलंत."

माझा यावर विश्वास नाही. टाकलेले पत्ते कोणी उलटून बघत नाही, त्यामुळे कोणीही मागाहून त्यांत राजा घालू शकतो. कलम बदलू का, असे वकिलांनी दोनदा विचारले. मी दोनदा नाही म्हणाले. फक्त त्यांचे बोलणे इथे लिहून घ्यायला सांगितले.

कलम ५. दुकान, त्यातली यंत्रे आणि माल माझ्या सुनेला द्यावा. ती अकरा वर्षे आमच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढते. एका रविवारी मी पुन्हा काहीही हातात नसताना सगळ्या चिप्स पुढे केल्या. मुलाने पत्ते टाकले, भाऊजींनी टाकले. सून म्हणाली, "आई, तुमच्याकडे काही नाही. मी बघते." तिच्याकडे पंजीची फुटकळ जोडी होती आणि ती जिंकली. कसे कळले म्हणून विचारले, तर म्हणाली, "पत्ते चांगले असले की तुम्ही आम्हाला टोमणे मारता. आज गोड बोलत होतात." ती ना सैल खेळते, ना आवळून. समोर कोण बसले आहे ते बघून खेळते. या घरात डोळे असलेली ती एकटीच.

गेल्या रविवारी वाचन संपल्यावर तिने विचारले, "दुकान खरंच माझं होणार?"

"लिहिलंय ना."

"मग काकांना मी गल्ल्यावर बसवणार."

"तो सैल माणूस. येईल त्याला सूट देईल."

"देऊ दे. मी आहे ना."

मी भाऊजींकडे पाहिले. ते छताकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. हा बेत मला पटलेला नाही, हे इथे नमूद करते. तरीही दुकान तिलाच द्यावे, आणि त्याला कसलीही अट घालू नये.

वरचे सर्व मी स्वतः चष्मा लावून वाचले आणि शुद्धीवर असताना सही केली.

सही: चष्म्याच्या दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. या वेळी तारीख बरोबर घातली.

साक्षीदार दुसरे: समोरचे शिंपी. पोकर येत नाही, म्हणून निवडले.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३, गुरुवार

सहीनंतरची नोंद, माझ्याच हस्ताक्षरात: सही करताना भाऊजी दाराशी उभे होते. मी त्यांना आत या म्हणाले. बसा म्हणाले. पाणी हवे का, असेही विचारले. या वेळी माझ्या हातात पत्ते नव्हते.