गच्चीवरच्या धोब्याचा गळा

अहो,

पत्र लिहितेय तुम्हाला. हसू नका. लग्नानंतर दोन वर्षं मी गावी आणि तुम्ही मुंबईत होतात, तेव्हा लिहायचे, त्यानंतर हे आत्ताच. पण आज सकाळी गच्चीवर जे बघितलं ते सांगायचं कोणाला? मेघाला फोन केला तर म्हणेल, "आई, तू आधी नीट जेव." म्हणून तुम्हालाच धरलंय.

परवा तुमच्या पक्षीवाल्या ग्रुपमधला प्रसाद येऊन गेला. तुमची वही मागत होता. सगळ्यांच्या हिवाळ्यातल्या नोंदींची पुस्तिका काढतायत म्हणे, आणि पहिल्याच पानावर तुमची शेवटची नोंद टाकणार. बोरीवली, गच्ची, करडा धोबी, नर, गळा काळा. "काकू, काकांचा रेकॉर्ड एकदम झकास आहे!" म्हणाला. माझ्या हातातला चहा अर्धा बशीत सांडला.

कारण तो काळा गळा मी बनवलाय हो!

हॉस्पिटलातले ते पाच दिवस आठवतात? सकाळी मी डबा घेऊन पोचायच्या आत तुमचं सुरू, "गच्चीवर गेलंस काय? धोबी आसा?" कसली गच्ची आणि कसला धोबी! रिपोर्ट आणा, औषधं आणा, मेघाला कळवा, शेजारणीकडे चावी द्या. मी म्हणायचे, "आसा आसा." आणि तुम्ही लगेच वही पुढे करायचात, लिही म्हणून. मी लिहायचे. तेवढंच तुमचं समाधान, असं वाटायचं.

चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "गळो काळो झालो काय गो?"

मला माहीत होतं हो हे काय प्रकरण आहे. शंभर वेळा ऐकलं होतं. पाऊस गेला की तो डोंगराकडून येतो, टाकीखालच्या ओल्या जागेवर शेपटी हलवत फिरतो, आणि परत जायच्या आधी नराचा गळा काळा होतो. पण आपला मेला कधी थांबतच नाही, रंग चढायच्या आत पळतो. अठरा वर्षं तुम्ही त्या काळ्या गळ्याची वाट बघितलीत. हे सगळं ठाऊक असून मी म्हटलं, "झालाय ना! काळाकुळकुळीत."

आणि तुम्ही उठून बसलात! दोन दिवस पाणीसुद्धा चमच्याने घेणारा माणूस चष्मा मागायला लागला. नर्सला सांगितलंत. मला प्रसादला फोन लावायला लावलात आणि त्या आवाजात ओरडलात फोनवर. मग उशीला टेकून म्हणालात, "मगे आता तो जातलो." मी ठरवलं, उद्या खरं काय ते सांगायचं. पण उद्या ठेवलात कुठे तुम्ही?

तेरावं झालं आणि मी गच्चीवर जायला लागले. रोज. वॉचमन म्हणतो, "मावशी, फिर चाबी?" लोकांना वाटतं म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. सोसायटीने टाकीची गळती दुरुस्त केली, जमीन खडखडीत, मग मी रोज दोन बादल्या ओतते तिथे. सेक्रेटरी येऊन लेक्चर देऊन गेला. तुमच्या दुर्बिणीतून मला आधी पंधरा दिवस माझ्याच पापण्या दिसल्या. बुलबुल ओळखायला लागलेय, कबुतरं तर काय, वैताग आहे नुसता. दोनदा डाळ करपली. चैन म्हणून नाही जिवाला. एकच ध्यास, एकदा तरी त्या मेल्याने काळा गळा घेऊन यावं, उशिरा का होईना. म्हणजे मी खोटं नाही बोलले, थोडं आधी बोलले, असं झालं असतं.

आज आला. पोट पिवळं, शेपटी वरखाली. मी टाकीला टेकून बसले, श्वासही घेतला नाही. दुर्बीण लावली. गळा पांढरा! तीनदा बघितलं. काळ्याचा ठिपका नाही हो, नावाला नाही.

तिथूनच प्रसादला फोन लावला. तो म्हणतो, "काकू, ही मादी असेल. काकांनी सांगितलेला नर गेला असेल. राहू दे ना, कोणाला कळतंय?"

खरं सांगते, क्षणभर मला पटलं. किती सोपं होतं! पण मग माहुलचा तो रविवार आठवला. खाडीवर तुम्ही कुठलासा दुर्मिळ कुरव बघितलात, सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि घरी येऊन पाणीही न पिता एकेकाला फोन करत बसलात, "वाटला रे, दिसला नाही, माझं नाव काढ." मी टोमणा मारला होता, पक्षी काय येऊन भांडणार आहे तुमच्याशी? तुम्ही पुढचा नंबर फिरवलात.

मी प्रसादला म्हटलं, "मेल्या, मला कळतंय ना!" आणि सगळं सांगून टाकलं. मग बिचाऱ्याने विचारलं, "खोडू?" म्हटलं, खोड.

खाली येऊन वही उघडली. तुमचं अक्षर हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी संपतं. त्याखाली माझ्या ओळी. सगळ्यांवर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, "ह्या मी न बघता लिहिल्या, ह्यांचा दोष नाही." खाली सही केली.

रागावलात? मीच दिलेला आनंद मीच काढून घेतला ना? आधी वाटायचं, तुम्ही ओळखलं असणार, चाळीस वर्षं माझं तोंड बघताय. पण ओळखलं असतंत तर प्रसादला फोन केला नसतात. म्हणजे खरं मानलंत. स्वतःच्या डोळ्यांवर चटकन विश्वास न ठेवणारा माणूस, आणि माझ्या एका शब्दावर उठून बसलात! हे फार लागतंय हो. रडू येतंय आणि रागही येतोय, तुमचा की माझा ते कळत नाही.

मेघा पुण्याला ये म्हणतेय. धोबी गेल्याशिवाय मी हलणार नाही, हे तिला कळवलंय. दसऱ्याआधी परत येईन, वही मीच चालवणार. जे दिसेल ते लिहीन, नाही दिसलं तर नाही दिसलं. तुम्हाला खूश करायला आता एकही पक्षी बनवणार नाही. वचन देते.

तुमची,
सुलू